वास मला पयल्याच दिवशी आल्ता

माझं नाव बबन, पन नुसतं बबन म्हनून कन्हेरीत इचारलं तर कोन सांगायचं न्हाय तुमाला, गॅसवाला बबन मिस्त्री म्हना, ल्हान पोरगं बी घर दावील. आता गॅसवाला म्हंजी टाक्या वाटनारा न्हाय बरं का ताई, शेनाच्या गॅसचा. जमिनीत खड्डा काढून ईटांचा घुमट बांधायचा, एका अंगानं शेन-पानी आत जातं, दुसऱ्या अंगानं काळी रबडी भाईर पडती, तिला आता समदी स्लरी म्हनत्यात, आन् मधल्या पोकळीत जो गॅस धरतो त्यो नळीनं चुलीला. असं मी किती बांधलं त्ये मी मोजलं न्हाय, पन हिकडं सांगवीपासनं तिकडं इंदापूरच्या अंगाला कुठल्या बी गावात गेलो की दोन-चार घरं अशी हायेत की च्या घेतल्याबिगर सोडत न्हाईत.

आमचं मूळ कन्हेरीचंच, पन बाप भवानीनगरला कारखान्याच्या वसाहतीत गवंड्याच्या हाताखाली बिगारी व्हता, म्हनून माझं ल्हानपन तितं गेलं. शाळा कवा सुटली मला आठवत बी न्हाय, थापी हातात आली त्ये आठवतंय. मिसुरडं फुटायच्या वक्ताला बारामतीला सरकारी शिबिर लागलं, गोबर गॅस बांधायला मिस्त्री पायजेत म्हनून. आमी धा-बारा जन गेलो. साहेबानं सांगितलं, घुमट बांधायचा, पन खालनं आधार लावायचा न्हाय. समदं गवंडी हसलं, म्हनलं ईट काय हवंत ऱ्हाती व्हय. ऱ्हाती ताई. मधोमध खुटी ठोकायची, तिला दोरी बांधायची, त्या दोरीच्या टोकानं एकेक ईट मापून लावायची, कडं पुरं झालं की त्ये कडंच सवताला धरून बसतं, मंग वरलं कडं. हसनारं समदं माघारी गेलं, मी ऱ्हायलो. पयला घुमट आमच्याच भावकीत बांधला. पंधरा-वीस दिसांनी चूल पेटवली तर निळी ज्योत, आवाज न्हाय, धूर न्हाय, त्या घरची म्हातारी माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडत ऱ्हायली, डोळं पुसत ऱ्हायली, म्हनली आता पानी धुरानं न्हाय आलं बाबा. काय सांगू तुमाला, त्या दिसाला मला वाटलं आपून कोनतरी हाय.

लगीन बी गॅसनंच जमलं. सांगवीला एका घरी काम काढलं व्हतं, त्या घरच्या मालकानं माझं काम बघितलं, दुपारी भाकरी वाढताना इचारलं, मिस्त्री कोनाचं तुमी. तीच भाकरी पुढं जन्माची झाली. आमची ही, शालन, त्या घरची थोरली. तिच्या कडंवर तवा तिचा धाकटा भाऊ असायचा, संतोष, आई सारखी आजारी म्हनून हिनंच त्याला वाडिवला. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढलं समदं ह्या संतोषचंच हाय, माझ्या मेव्हन्याचं.

मंग काय झालं, घराघरात सिलिंडर आलं, लोकांनी गुरं काढली, शेन कोन कालवतंय रोज. मी हातानं बांधलेलं घुमट लोकांनी माती टाकून बुजिवलं, कुनी वर पेरूचं झाड लावलं. मी बी मंग संडास बांध, कंपौंड बांध, असं करत ऱ्हायलो. त्याच वक्ताला संतोष कालेज अर्धं सोडून आमच्याकडं आला. मिशा आल्या व्हत्या, धंदा न्हवता. ही म्हनली तुमच्या हाताखाली घ्या. घेतला. दोन वर्सं त्यानं माझ्यासंगं काम केलं, राहिलेलं जुनं गॅस दुरुस्त करायचो, कुठं नवा निघाला तर बांधायचो. ईट वाकडी लागली की मी त्याच्या हातावर थापी मारायचो. किडमिडा व्हता, पन डोकं चालायचं. सारखं इचारायचा, दाजी ह्यात शेनाऐवजी दुसरं काय घातलं तर. मी म्हनायचो, शेन घाल. मला ह्येचंच आता हसू येतं आन् रडू बी येतं. त्यो जे इचारत व्हता त्येच त्याच्या कामाला आलं, आन् मी जे सांगत व्हतो त्ये जुनं झालं.

पुण्याला गेला, कुठल्या कंपनीत लागला, हाटेलातल्या खरकट्याचा गॅस करनाऱ्या. पाच-सा वर्सांनी माघारी आला त्यो पांढरी गाडी घिऊनच. हितं बारामतीला यमायडीशीत सवताचं हापीस टाकलं. मला समजावून सांगाया घरी आला. म्हनला दाजी, आता भाईरच्या देशातलं गिऱ्हाईक कंपन्यांना इचारतंय, तुमी हवेत किती घान सोडता. कंपनीला कार्बन न्यूट्रल व्हायचंय. मी म्हनलं मराठीत सांग. म्हनला, जेवढा धूर सोडायचा तेवढा कुठंतरी कमी करून दावायचा, वजाबाकी शून्य आली पायजे. मंग कंपनीचं खरकटं, सालं, कुजका माल खड्ड्यात टाकून कुजवला तर त्यातनं वाईट वायू सुटतो, त्योच टाकीत धरला तर कँटीनची चूल चालती, सिलिंडरचा गॅस वाचतो, स्लरी ऊसाला जाती, रासायनिक खत कमी लागतं. कायबी वाया न्हाय. मी म्हनलं आरं मंग ह्यो तर आपलाच गोबर गॅस. म्हनला व्हय दाजी, आपलाच, फकस्त शेन न्हाय. आपलाच म्हनला त्यो. मला त्ये गोड लागलं. मला वाटलं आता घुमट बांधायला मला बोलिवनार.

त्यानं घुमट बांधलाच न्हाय. लोखंडाची तयार टाकी, ट्रकवर आली, किरेननं उतरवली, दोन दिसात उभी. ईट लागली ती नुसती खालच्या वट्याला.

ही टाकी फळांचा गर काढनाऱ्या एका कंपनीत बसली, यमायडीशीतच. नाव न्हाय घ्यायचं मला, कंपनीची कायबी चूक न्हाय ह्यात. उद्घाटनाला आमाला दोघास्नी बोलिवलं. मांडव, खुर्च्या, फेटं. संतोष स्टेजवर, आन् काय सुद्द बोलत व्हता, पर्यावरण, शाश्वत, आन् मधी मधी इंग्रजी. मी तिसऱ्या रांगंत. ही माझ्या शेजारी नवं लुगडं नेसून, डोळ्याला पदर लावून. मंग त्यानं माईकवर माझं नाव घेतलं. म्हनला, माझे दाजी इथं बसलेत, त्यांच्याकडून मी विटा लावायला शिकलो. आन् टाळ्या. मला वर बोलावून शाल घातली.

विटा लावायला.

ताई, त्यानं नाव घेतलंच नसतं तर मी घरी जाऊन जेवलो असतो आन् झोपलो असतो. पन विटा लावायला म्हनला. गॅस मी शिकिवला, वास कसा वळखायचा मी शिकिवलं, रबडी बोटात धरून पाक बघत्यात तशी बघायची मी शिकिवलं, आन् ह्यो म्हनतो विटा. खोटं बी न्हवतं त्ये, त्योच तर सल हाय. त्या शालीत मला घाम फुटला. येताना ही म्हनली, किती मान दिला बघा संतूनं. मी म्हनलं, व्हय.

तवापासनं माझ्या पोटात जे काय बसलं त्ये बसलं. त्याची गाडी दारात आली की मी पयलं बूट बघायचो, कवा शेन न्हाय, माती न्हाय, कसं काय. लोक त्याला साहेब म्हनत्यात, आन् मी गावात मिस्त्री. भवानीनगरचा आमचा जावई, तो बी जेवायला आला की मामा, म्हंजी संतोष, काय म्हनलं, मामानं नवीन कुठं काम घेतलं, ह्येच. एकदा म्हनला, मामांचं डोकं लई चालतं. मी ताटावरनं उठलो, म्हनलं भूक न्हाय. पोरगी बघतच ऱ्हायली. संतोषनं सांगवीला घर बांधलं तर मी बघायला गेलो न्हाय, पाय दुखतोय म्हनलो. हिनं एकटीनं जाऊन वास्तुशांतीचं जेवन केलं आन् माझ्यासाठी डब्यात पुरनपोळी आनली. ती मी खाल्ली बी, वाईट न्हवती, पन मनात येत व्हतं कवा ह्याचं कायतरी बिघडावं. समदा धंदा बुडावा एवढं न्हाय, नुसतं एकदा अडावा आन् म्हनावा, दाजी या, तुमच्याबिगर हुईना.

मंग त्यानंच मला कामावर बोलिवलं. हिनं सांगितलं असनार त्याला. म्हनला दाजी, टाकीच्या तोंडावर मला इश्वासाचा मानूस पायजे, काय आत टाकायचं, किती टाकायचं, वजन, प्लास्टिक निवडून काढनं, आन् रोज रंगाचा कागद बुडवून मला कळवायचं. हिरवा म्हंजी बरं, पिवळा म्हंजी आंबायला लागलं. माझ्या हाताखाली वस्तीवरल्या दोघी बाया दिल्या, माल निवडायला. मी व्हय म्हनलो. का म्हनलो मला आज बी सांगता यायचं न्हाय. घरी बसून जळन्यापरीस जवळ जाऊन जळावं असं काय असंल.

पयलं काय म्हयनं चांगलं गेलं, खोटं का बोलू. कँटीनचं खरकटं, टमाट्याचा चोथा, आन् डेअरीवरनं शेन यायचं थोडं. टाकी म्हंजी पोट ताई, जनावराच्या पोटावानी. सवयीचं घाला, येळंला घाला, चालतं. स्लरी न्यायला शेतकरी ट्रॅक्टर घिऊन रांगंत. कँटीनच्या आचाऱ्याची चूल दिसभर निळी. तितं उभं ऱ्हायलं की मला माझं दिस आठवायचं, आन् संतोषला इसरून जायचो.

मंग आंब्याचा शीजन लागला. साल आन् कोया, साल आन् कोया, ट्रकच्या ट्रक. त्यातच कळलं की ती मानसं येनार, कंपनीला शून्याचं सर्टिफिकिट देनारी, समदं तपासनारी. संतोष फोनवर म्हनला, दाजी, ह्या पंधरा दिसात एक किलो माल बी भाईर खड्ड्यावर जाता कामा नये, समदा टाकीत बसवा. बसंल ना. मला ठावं व्हतं बसायचं न्हाय. एवढं गोड एकदम पोटात गेलं की आंबनार, जनावर रवंथ सोडतं तशी टाकी काम सोडनार. एवढंच म्हनायचं व्हतं, आरं संतोष, निम्मा टाक, शेन वाढव, बाकीचा माल दोन दिस पसरून ठेव. फोन कानाला व्हता. आन् मी म्हनलो, तू साहेब हायस, तू म्हनशील तसं.

त्याला त्यातला खवचटपना कळला न्हाय. तो हसला, म्हनला दाजी तुमी बी ना.

पयल्याच दिवशी संध्याकाळला मला वास आला. गुरांच्या आंबोनाच्या पाटीला येतो तसा, नाकाच्या शेंड्याला लागनारा. दुसऱ्या दिवशी कागद पिवळा. तिसऱ्या दिवशी नारिंगी. रोज फोन यायचा, दाजी कागद. मी म्हनायचो, बरा हाय. एकदा तर म्हनलो, हिरवा. त्या दोघींतली एक बाय म्हनली, आबा, आज लई आंबट वास सुटलाय. मी तिला म्हनलं, आंब्याचा शीजन हाय, आंबट न्हाय तर काय गोड येनार व्हय, तू तुझं निवड. ती गप बसली बिचारी. आन् मी आंब्याचं घमेलं आत वतत ऱ्हायलो. हाताला जड लागत न्हवतं.

ती मानसं आली. तिघं व्हती, त्यातली एक बाई, गळ्यात पाटी, प्रत्येक गोष्टीचा फोटो. कंपनीचा म्यानेजर, संतोष, कडक इस्त्री. वजनाचा काटा बघितला, निवडायची जागा बघितली, स्लरी बोटात धरून बघितली तवा त्या बाईनं नाक आकसलं, पन बोलली न्हाय. मंग कँटीनमदी. संतोष आचाऱ्याला म्हनला, पेटव. त्यानं काडी वडली. ज्योत आली, मलूल, फडफडायला लागली, आन् इझली. परत काडी. परत इझली. तिसऱ्यांदा पेटलीच न्हाय. त्या मोठ्या स्वयपाकघरात नुसती नळीतनं घान. म्यानेजर हळूच आचाऱ्याला म्हनला, सिलिंडर लाव, लोकांची जेवनाची येळ झाली. आन् त्या पोरानं त्यो लाल सिलिंडर फरशीवरनं गडगड करत, त्या पावन्यांच्या म्होरनं, आनला. संतोष त्याकडं बघत व्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या व्हत्या त्याच्या.

मी दारात मागं उभा. तुमी लिवताय म्हनून खरं सांगतो, मला बरं वाटलं. पयल्यांदा बरंच वाटलं. पानी तोंडाला लागावं तसं.

पन त्ये बरं वाटनं सांजपतूर बी टिकलं न्हाय. टाकी बंद म्हनल्यावर आंब्याचा आल्याला माल जायचा कुठं. ट्रॅक्टर लावून लांबच्या खानीत नेऊन टाकला, ज्या खड्ड्यात जायला नको म्हनून एवढा पसारा मांडला त्याच खड्ड्यात. शेजारच्या वस्तीवरनं मानसं भांडायला आली, वासानं जेववेना म्हनली. त्या दोघी बायांस्नी म्यानेजर म्हनला टाकी चालू हुईपतूर येऊ नका. ज्या बायला मी गप केलं, ती डबा पिशवीत घालून जाताना मला म्हनली, येते आबा. संतोषचं दुसऱ्या दोन ठिकानी काम ठरल्यालं, तितली मानसं म्हनली थांबू या थोडं. आन् त्यो माझ्याकडं येऊन काय म्हनला ठावं हाय का. म्हनला, दाजी, माझंच चुकलं, तुमच्यावर एकदम एवढा भार टाकायला नको व्हता.

मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या. ह्येला काय उलट देनार.

घरी आलो. जेवायला बसलो. ही तव्याम्होरं, पाठ माझ्याकडं. समदं तिला कळलं व्हतं, संतोषनं फोन केला व्हता, रडला म्हनं फोनवर. भाकरी थापता थापता म्हनली, एक इचारू का. म्हनलं इचार. म्हनली, आपल्या घरात दूध नासायला लागलं तर तुमी वसरीवर बसून मला आत सांगता, अगं बघ दुधाला वास मारतोय. मला दुधाशेजारी उभं राहून कळत न्हाय. मंग टाकीच्या तोंडावर दिसभर बसून तुमाला वास आला न्हाय व्हय.

ती वळली न्हाय. भाकरी तव्यावर करपली, तिनं ती काढून माझ्या ताटात घातली, करपल्याली, एवढ्या वर्सात तिनं मला करपल्याली भाकरी वाढली न्हवती. म्हनली, मी त्याला कडंवर घिऊन हिंडलेय. तुमी सांगता का मी सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीला किक मारली. कन्हेरीपासनं यमायडीशी काय लांब न्हाय, पन मी दोन ठिकानी थांबलो, एकदा च्याला, एकदा उगीच. गेलो तर संतोष टाकीच्या मोरीत उतरल्याला, गुडघ्यापतूर गमबूट, हातात बादली, अंगावर समदी रबडी. त्ये बघून मला कसंतरी झालं. मी काठावर उभा ऱ्हायलो, म्हनलं, संतोष, वास मला पयल्याच दिवशी आल्ता. तो म्हनला, काय. मी म्हनलं, कागद बी पिवळा व्हता. मी खोटं सांगितलं. तो वर आला. नळाखाली हात धुवायला लागला, आन् धुतच ऱ्हायला, कोपरापतूर, परत परत. मंग म्हनला, का दाजी.

ह्या का ला माझ्याकडं उत्तर व्हतं, पन त्ये तोंडातनं निघायचं कसं. एवढ्या वयाच्या मानसानं म्हनायचं का, तू माईकवर विटा म्हनलास म्हनून. पन म्हनलो. तसंच म्हनलो. तो आधी समजलाच न्हाय. आठवून बघितलं त्यानं. मंग खाली बसला वट्यावर, म्हनला, दाजी मला त्ये आठवत बी न्हाय. मला वाटलं तुमाला बरं वाटंल. तुमी माझ्या हातावर थापी मारायचा, मला कवा राग आला न्हाय. तवा बी मला एक थापी मारायची व्हती. असं का केलंत.

मी टाकीकडं बघत ऱ्हायलो. आचारी भाईर येऊन बघून आत गेला. मंग तोच उठला, म्हनला, आता गप बसू नका, काय करायचं त्ये सांगा.

मंग सांगितलं. आत घालनं बंद. चुन्याची निवळी थोडी थोडी. आन् दुधाला इरजन लागतं तसं टाकीला चालू गॅसाची रबडी पायजे. कन्हेरीत एका घरी अजून गुरं हायेत, गॅस चालू हाय, तितनं आमी पिंपं भरून आनली. मी, तो, आन् हापीसातली त्याची दोन मानसं. रोज सकाळी मी जायाचो, नाक लावायचो, कागद बुडवायचो, खरा रंग सांगायचो. नारिंगी, नारिंगी, पिवळा, पिवळा. तो कामापुरतं बोलायचा. मधी एकदा म्यानेजर आला, म्हनला चूक कुनाची हे कळलं का. संतोष माझ्याकडं न बघता म्हनला, माझी, शीजनचा अंदाज चुकला माझा. मी उभा व्हतो तितं. तोंड उघडलं, आन् मिटलं. ह्ये दुसऱ्यांदा झालं माझ्याच्यानं, ह्ये मी हिला बी सांगितलं न्हाय, तुमालाच सांगतोय.

तीन आठवड्यांनी ज्योत आली. निळी, सरळ. आचारी टाळी वाजवून हसला. मी संतोषकडं बघितलं, वाटलं आता तरी हसंल. त्यानं मला गेटापतूर आनून सोडलं आन् म्हनला, दाजी, उद्यापासनं तुमी येऊ नका. मी कुनाला काय सांगनार न्हाय. पन तुमी तितं बसला की मी सारखं नाकानं बघत बसंन, आन् माझं नाक तुमच्यावानी न्हाय. एवढं बोलून आत गेला. त्या दोघी बायांस्नी त्यानं परत घेतलं. टाकीच्या तोंडावर आता त्यातली तीच बाय बसती, जिला वास आला व्हता. बरोबर केलं त्यानं.

कंपनीला पुढं, ती मानसं परत येऊन ज्योत बघून गेल्यावर, त्ये सर्टिफिकिट मिळालं. गेटावर हिरवी पाटी लागलीय, एवढी मोठी. मी एकदा थांबून समदी वाचली. कंपनीचं नाव हाय, पानाचं चित्र हाय. संतोषचं नाव न्हाय. माझं तर नसनारच. आन् ताई, बघा मानूस कसा अस्तो, त्याचं नाव न्हाय ह्येचं मला बरं वाटलं, आन् मंग तितंच रस्त्यावर सवताची लाज वाटली. दोन्ही एकाच येळंला. असं हुतंय का कुनाला मला ठावं न्हाय.

आता मी घरीच अस्तो. कुनाची गोठ्याची भित पडली, कुनाचा हौद गळतोय, बोलिवलं तर जातो. ही बोलती माझ्यासंगं, न्हाय असं न्हाय, भाकरी बी चांगली वाढती. भाऊबीजंला संतोष येतो, ववाळून घेतो, माझ्या पाया पडतो, पीकपान्याचं इचारतो. कामाचं बोलत न्हाय. मी बी काढत न्हाय. त्याची गाडी गेली की ही दारात उभी ऱ्हाती लांबपतूर, आन् मी आत रेडू लावतो.

मागल्या म्हयन्यात मातूर फोन आला त्याचा, माझ्या फोनवर, हिच्या न्हाय. इंदापूरकडं एका डाळिंबाच्या कंपनीत त्यानं नवी टाकी बसिवलीय, पयल्यापरीस मोठी. म्हनला, दाजी, ज्योत फडफडतीय, कागद हिरवा हाय, काय असंल. मी इचारलं, नळी कशी टाकलीय. म्हनला अशी अशी. मी म्हनलं, मधी कुठंतरी खोलगट असंल, तितं पानी साठलंय, उतार दे आन् पानी काढ. दोन घटकांनी परत फोन, झालं म्हनला. बरं म्हनला. ठेवला.

मी तितंच बसून ऱ्हायलो, फोन हातात धरून. आनंद झाला का, झाला. पन कशाचा झाला, त्याला अडलं ह्येचा का त्यानं इचारलं ह्येचा, त्ये मला आजून निवडता येत न्हाय. एक मातूर खरं, खोटं सांगायचं मनात आलं न्हाय. आलं असतं तर तुमाला सांगितलं असतं, आता काय लपवायचं ऱ्हायलंय. ही आतनं म्हनली, कुनाचा फोन. मी म्हनलं, तुझ्या भावाचा. म्हनली, काय म्हनतोय. म्हनलं, टाकी चालली म्हनतोय. तिनं च्या आनून ठेवला.

त्याचं चांगलं हू दे. लई टाक्या बसू दे त्याच्या, लई कंपन्यांचं शून्य हू दे. असं तोंडानं मी रोज म्हनतो आता, अंघूळ झाली की देवाम्होरं. तोंड लगीच म्हनतं. मन जरा माघनं येतं. पन येतं.